एका सोन्याला किती ब्राँझ

पॅरिसच्या ऑलिम्पिकमुळे कामिनी फिरकेचं लग्न लांबलं, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. फैजपूरच्या बाजूला मात्र कोणी हसत नसे, कारण हसणाऱ्याला जीवरामभाऊ धरून बसवत आणि पदकतालिका समजावून सांगत.

जीवराम फिरके म्हणजे कामिनीचे वडील. केळीचे बागायतदार, साठीच्या आसपासचे, बोलायला गोड. त्या ऑगस्टात स्पर्धा संपल्या त्या दिवशी त्यांनी टीव्हीवर पाहिलं, की सहा पदकं मिळवून भारत एकाहत्तरावा आला आणि एकच पदक मिळवून पाकिस्तान बासष्टावा. ते एक सोन्याचं होतं, एवढंच. बशीत ओतलेल्या चहावर साय धरली तरी जीवरामभाऊ हलेनात.

"कुंदा," त्यांनी बायकोला हाक मारली, "सहा जास्त का एक जास्त?"

कुंदाबाई कढईतून केळीचे वेफर काढत होत्या. "कशाचे?"

"पदकांचे."

"वेफर असते तर सहा," त्या म्हणाल्या आणि झारा निथळू लागल्या.

तेवढ्याने त्यांचं समाधान झालं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भेटेल त्याला गाठायला सुरुवात केली. बागेत घड तोडणारे मजूर, खताचा दुकानदार, सोसायटीचा सचिव, कोणी सुटलं नाही. डॉक्टरांनी त्यांचं बीपी मोजलं तर यांनी विचारलं, "वरचा आकडा वेगळा, खालचा वेगळा कायले? बेरीज का नाही करत?" डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली.

कामिनी फैजपूरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. दिवसभर लोकांच्या साखरा मोजून घरी आली, की वडिलांची तालिका. तिने पहिले काही दिवस मजा म्हणून ऐकलं. मग तिला पाहायला मुलगे यायला लागले आणि मजा संपली.

पहिला भडगावचा, बँकेत होता. पोहे पुढ्यात आले तसं जीवरामभाऊंनी विचारलं, "देशांचा नंबर कसा लावावा, सोन्यावर का एकूण पदकांवर?" मुलगा म्हणाला, "सोन्यावर. जगभर तसंच लावतात." जीवरामभाऊंनी त्याच्या पुढची पोह्यांची बशी स्वतः उचलून आत नेली. दुसरा भुसावळचा. तो म्हणाला, "एकूण पदकांवर." जीवरामभाऊ उठून त्याला मिठीच मारणार, एवढ्यात त्याने पुस्ती जोडली, "तसा या नंबरांना काही अर्थ नसतो, काका." तो गेला. तिसरा पुण्याहून आला होता. त्याने लॅपटॉप उघडला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पदकं मोजून दाखवली. त्या हिशेबाने पदक मिळवणाऱ्या देशांत भारत शेवटचा.

"म्हंजे आमच्या घरात मान्सं जास्ती, हा आमचा गुन्हा?" जीवरामभाऊ कडाडले. पुण्याचा मुलगा लॅपटॉपची वायर तिथेच विसरून गेला.

कुंदाबाईंना यामागचं खरं कारण ठाऊक होतं. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात जीवरामभाऊंचे शाळा-कॉलेजातले कप होते. पळण्यात तिसरा, लांब उडीत तिसरा, कबड्डीत तिसरा संघ, वक्तृत्वातसुद्धा तिसरा. कप भरपूर. पहिल्या नंबरचा एकही नाही.

"त्यांना देशाचं काही पडलेलं नाही गं," त्या कामिनीला म्हणाल्या. "ते स्वतःचा नंबर शोधून राह्यले."

हे ऐकल्यावर कामिनीचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तिने नीलेशच्या वेळेला लागेल म्हणून राखून ठेवला.

नीलेश धुळ्याचा, नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला. जळगावला एका नातेवाइकाच्या लग्नात दोघांची ओळख झाली होती. कामिनी रक्ताच्या नमुन्यांबद्दल सांगू लागली की लोक जेवणाच्या पंगतीतून उठत. हा आणखी भरीत वाढून घेऊन ऐकत बसला. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं. घरी सांगायच्या आधी तिने त्याला फोनवर पढवलं, "पप्पांनी पदकांचं विचारलं तर म्हण, मला कळत नाही, तुम्हीच सांगा."

पाहायला आल्यावर नीलेशने ते अगदी चोख म्हटलं. जीवरामभाऊ खूष झाले. पण सोबत त्याचे वडील आले होते, आणि त्यांना कोणी पढवलं नव्हतं. तीन पिढ्या धुळ्यात गेल्याने त्यांच्या घराची जीभ अहिराणीकडे वळलेली. नाव कुंदननाना.

"त्यामा काय सांगानं?" कुंदननाना म्हणाले. "सोनं ते सोनंच शे. बठ्ठं, सगळं ब्राँझ एक जागे वतं, तरी सोनं होत नई."

असं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत एक पदक होतं. शाळेत असताना जिल्ह्यात गोळाफेकीत पहिले आले होते. आयुष्यात तेवढंच एक. ते त्यांनी काचेच्या कपाटासमोर धरलं आणि आतल्या सगळ्या कपांकडे एकेक करून पाहिलं.

"नावातच सोनं असल्यावर दुसरं काय सुचनार!" जीवरामभाऊ म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चला बागेत. आज निकालच लावू."

कामिनीने नीलेशकडे पाहिलं. नीलेशने छताकडे पाहिलं.

बागेत गेल्यावर अडचण अशी निघाली, की दोघंच खेळले तर तिसरं पदक द्यायचं कोणाला? जीवरामभाऊंना ब्राँझशिवाय स्पर्धा मान्य नव्हती. म्हणून कुंदाबाईंना बोलावलं. त्या भरताची वांगी भाजत होत्या. राखेचे हात तसेच पुसून, पदर खोचून आल्या.

पहिली गोळाफेक. गोळा म्हणून विहिरीजवळचा दगड घेतला. कुंदननानांनी एक गिरकी घेऊन दगड असा भिरकावला, की तो पाटापलीकडे पडला. कुंदाबाई दुसऱ्या, जीवरामभाऊ तिसरे. त्या गिरकीत नानांचा गुडघा धरला आणि ते बांधावर बसले ते बसलेच. पुढच्या एकाही खेळात उतरले नाहीत. मग धावणं झालं, घड खांद्यावर घेऊन चालणं झालं, दोरीवरच्या उड्या झाल्या. सगळ्यांत कुंदाबाई पहिल्या आणि जीवरामभाऊ दुसरे. घड उचलताना तर कुंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "हळू, पाठ धरेल तुमची," आणि त्यांच्या पुढे निघून गेल्या.

कुंदाबाई पहिल्या आल्या, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. त्यांना कोणी शाबासकीही दिली नाही. दरवेळी पहिल्या येणाऱ्या अमेरिकेला कोण देतं? त्या वांगी पाहायला परत गेल्या. वाद पेटला तो दुसऱ्या नंबरावरून.

"मनं सोनं शे," बांधावरून कुंदननाना म्हणाले.

"माझी चार पदकं हायेत," जीवरामभाऊ धापा टाकत म्हणाले. "तुम्ही तर बसून व्हते!"

"बसीसन जिंकनू, हाई तं आनखी मोठं."

ऊन उतरलं तरी दोघं हटेनात. भरीत निवलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी वातड झाल्या. सोयरिकीचं नाव कोणी काढेना. कामिनी ओट्यावरून हे सगळं पाहत होती. तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही. एक गुडघा धरून बसलेला, एकाची पाठ वाकलेली, आणि दोघांच्या डोळ्यांत शाळकरी पोराची आग. शेवटी ती उठून बागेत गेली.

"पप्पा, मी तीन मुलगे पाहिले. नीलेश चौथा. चौथ्याला पदक नसतं, नंबर नसतो, कोणी त्याचं नावसुद्धा लिहीत नाही. मला तोच पाहिजे. तुमचं काय ठरायचं ते ठरवा, मी जेवायला वाढते."

कुंदननाना गुडघा धरून उठले आणि म्हणाले, "भाऊ, एक काम करूत. भाव ठरवूत. एक सोनं म्हंजे कितला ब्राँझ?"

जीवरामभाऊंचा चेहरा उजळला. भाव! ही भाषा त्यांना कळत होती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. सावद्याच्या गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा करतात, तसे दोघांनी रुमालाखाली हात धरले आणि बोटं दाबायला सुरुवात केली.

तोंडाने कोणी अक्षर काढत नव्हतं. जीवरामभाऊंनी काही दाबलं तर नानांनी मान जोरात हलवली. नानांनी काही दाबलं तर जीवरामभाऊंनी हात काढून घेतला, दोन पावलं गेले आणि परत आले. ताटं वाढून तयार होती, नीलेश आणि कामिनी दारात उभे होते, आणि रुमाल नुसता खालीवर होत होता. मग एकदम थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हात सोडले.

"ठरलं," जीवरामभाऊ म्हणाले.

"काय ठरलं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"लगीन."

"आणि भाव?"

"भाव रुमालातच राहतो," कुंदननाना म्हणाले आणि लंगडत जेवायला चालले.

तुळशीचं लग्न झाल्यावर कामिनीचंही झालं. आता ती धुळ्यात असते आणि तिथल्या एका लॅबमध्ये काम करते. कुठलीही मोठी स्पर्धा संपली की त्या संध्याकाळी फैजपूरहून फोन येतो. कुंदननाना फोन कानाला लावतात, भिंतीकडे तोंड करतात आणि रुमालातल्या भावाने बोटांवर मोजतात. तिकडे जीवरामभाऊही मोजत असतात. मग दोघं एकाच वेळी भारताचा नंबर सांगतात, आणि तो दोघांचा सारखाच येतो. जगातल्या कुठल्याही तालिकेत तो नंबर नसतो.

कामिनीने एकदा बोटं मोजायला मागून डोकावून पाहिलं. सासऱ्यांनी हात पटकन सदऱ्यात घातला.