मथियासची जागा

एकोणीसशे सत्तावन्न साली तलासरीकडच्या एका पाड्यात गोपीनाथ मास्तर तापानं गेला. मास्तर म्हणजे फादरच्या हाताखाली लोकांना प्रार्थना शिकवणारा, पाड्यातलाच वारली. मागं राहिली त्याची बायको जमना, मास्तरासाठी बांधलेल्या झोपडीत.

मास्तराच्या जागेला उभे दोघं, बाळ्या आणि भिक्या. फादरनं टोपलीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. येशूच्या शिष्यांनीही असंच केलं होतं म्हणे. चिठ्ठी काढली जमनानंच. निघाला बाळ्या.

"आता तुझं नाव मथियास," फादर म्हणाला.

"म्हंजे काय, बाबा?"

"देवाचं देणं. बारा शिष्यांत एक जागा रिकामी पडली, ती त्यानं भरली."

एवढ्यावर गप बसायचं ना! पण बाळ्याची जीभ कुठली राहते. "मेला कोण व्हता?"

"जुदास. येशूला दगा देऊन त्यानं फास घेतला."

फादर खरं तेच बोलला. पण पाड्यात नाव उगाच पडत नाही. बुधवारचा तो बुध्या, शुक्रवारचा तो सुकऱ्या. मग हा मथियास, तर आधीचा कोण?

विहिरीवर काळी नावाची म्हातारी बोललीच, "ताप व्हता का फास, कोणी पायला?"

जमनानं हंडा अर्धाच भरला आणि चालू पडली.

बाळ्याच्या कानावर आलं. गोपीनाथनं त्याला अक्षरं शिकवलेली, जेवू घातलेलं. आणि जमना वयनीनं झोपडी सोडू नये असं त्याच्या मनात होतं. पण म्हणाला, खरं काय ते रविवारी सांगू, सगळ्यांसमोर. चार दिवस तो बैलापुढं तेच घोकत बसला.

रविवारी सकाळी जमनाच्या झोपडीशी गेला. भुई ओली, नुकती सारवलेली. दारात शेजारची बारकी पोर.

"वयनी कुठं?"

"गेली वाणगावला, भावाकडं. बोलली, मथियासला सांग, जागा रिकामी केली."

प्रार्थनेला बाळ्या उभा राहून बोलला, "गोपीनाथ तापानंच मेला. सोन्यासारखा माणूस व्हता." सगळ्यांनी माना हलवल्या. काळी म्हणाली, "मी कवा नाय बोलले?" ऐकायला हवी होती तीच नव्हती.

मागून त्यानं फादरला विचारलं, "त्या मथियासनं पुढं काय केलं?"

"पुस्तकात पुढं त्याचं नाव येत नाही."

बाळ्यानं मास्तरकी केली, पण राहिला आपल्याच खोपटात. त्या झोपडीत कोणी पाय ठेवला नाही. जमनाचं सारवण उन्हाळ्यात पोपडे धरून उडून गेलं.