तिसऱ्या खोलीचा एसी

रेवती कोलवणकरची बस एके काळी कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची. कारखाना बंद पडला, बस भंगारात निघाली, तेव्हा रेवतीने आणि तिच्या नवऱ्याने, नंदकिशोरने, ती विकत घेतली आणि तिची व्हॅनिटी व्हॅन केली. आतल्या सीट काढून तीन खोल्या पाडल्या, आरसे लावले, मागे जनरेटर बसवला. शूटिंगच्या जागी बस उभी राहिली की कलाकार तिच्यात मेकअप करत, जेवत, दोन शॉटच्या मध्ये जरा पाठ टेकत. पुढची मोठी खोली हिरॉइनची, मधली तिच्या खालोखालच्या कलाकारांची, आणि जनरेटरला चिकटलेली तिसरी, अरुंद खोली ज्याच्या वाट्याला येईल त्याची.

दोघं पार्ल्याची. नंदकिशोर घरून बुकिंगचे फोन घ्यायचा आणि रेवती व्हॅनबरोबर जायची. बाकीचे मालक ड्रायव्हरवर गाडी सोडून मोकळे होतात, हिला ते जमायचं नाही. चादरीला डाग पडला तरी ही हळहळणार.

तिसऱ्या खोलीची तक्रार दिवाळीनंतर सुरू झाली. एका मुलीने बाहेर येऊन विचारलं, "ताई, बाजूला कोण बसलंय? सारखं पुटपुटतंय."

बाजूला कोणीच नव्हतं. मधली खोली रिकामी होती आणि पलीकडे नुसता जनरेटर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकाने तेच विचारलं. मग तिसऱ्याने. एसी चालू असतानाच ऐकू यायचं, बंद केला की गप्प.

"पंख्याचं बेअरिंग गेलंय, ताई," ड्रायव्हर सीताराम म्हणाला. "बाकी काय असणार?"

रेवती स्वतः जाऊन बसली. टपावरचा जुना एसी जात्यासारखा घरघरत होता आणि त्या घरघरीच्या खाली खरंच एक आवाज होता. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून यावं तसा. शब्द लागत नव्हते, पण प्रत्येक वेळी शेवटी सूर किंचित वर जायचा. कोणीतरी काहीतरी विचारत होतं. रेवती उठली. बाहेर येऊन ती सीतारामला म्हणाली, "बेअरिंगच असेल. पण आता हा एसीच नको."

मरोळला यज्ञेशची शेड होती. बस, रुग्णवाहिका, हौशी लोकांच्या कॅम्परव्हॅन, सगळ्यांच्या टपावर तो एसी बसवायचा. त्याने शिडी लावली, टपावर चढून पायाने ठिकठिकाणी दाबून पाहिलं आणि खाली आला.

"टप अजून मजबूत आहे, हे बरं झालं. लोक किती टनाचा एवढंच विचारतात. वजन कशावर बसणार ते कोणी विचारत नाही. आता बोला, एक मोठा हवा की दोन छोटे?"

"एक," नंदकिशोर लगेच म्हणाला. तो मुद्दाम सोबत आला होता. "दोन म्हणजे दोन भोकं, दोन ठिकाणी गळती."

"साहेब, एक मोठा मध्ये बसवला तर डक्टमधून तिन्ही खोल्यांत हवा जाईल. पण मागच्या खोलीपर्यंत पोचता पोचता दम तुटतो तिचा. आणि सुरू होताना मोठा एसी एकदम ओढतो, जनरेटर ओरडतो. इन्व्हर्टरवाला घेतलात तर हळूहळू चढेल, ते टेन्शन नाही."

"आवाज कोणाचा कमी?" रेवतीने विचारलं.

"मागच्या खोलीत गार किती पडेल ते नाही विचारलंत, ताई."

"आवाजाचं सांग ना तू."

यज्ञेशने शेडमधल्या लोखंडी सांगाड्यावर लावलेले दोन एसी एकामागून एक चालवून दाखवले. पहिल्याखाली उभं राहून ओरडून बोलावं लागत होतं. दुसऱ्या, मोठ्या इन्व्हर्टरवाल्याखाली नंदकिशोरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"हा," रेवती म्हणाली. "हाच."

एसी बसला. जुनी डक्ट यज्ञेशने उघडून पुसून घेतली. आत थोडी धूळ आणि मेकअपची पावडर निघाली, बाकी काही नाही. दुपारी त्याने शेडच्या लाइनवर वायर लावून एसी सुरू केला. सीतारामने मान डोलावली. "झकास! चालू आहे की नाही तेच कळत नाय."

हवा कशी येते ते बघायला रेवती तिसऱ्या खोलीत गेली आणि दार लोटून गादीवर टेकली. खोली हळूहळू निवत होती. बाहेर सीताराम बसच्या पायरीवर चढला, त्याच्या चपलेचा आवाज झाला, आणि रेवतीच्या अगदी जवळून, कोपऱ्यातून, एका बाईने विचारलं,

"उठू काय गो?"

रेवती दचकून उठली. घाबरली तर ती होतीच. पण त्याहून वाईट हे, की तिने आवाज ओळखला होता.

रत्नप्रभामावशींचा होता तो.

रत्नप्रभामावशी सिरियलमध्ये मागे उभ्या राहणाऱ्या बायकांपैकी एक. लग्नाच्या सीनमध्ये वऱ्हाडातली म्हातारी, देवळाच्या सीनमध्ये भजनातली बाई. कधी वाक्य मिळालं तर मिळालं. भांडुपला लेकीकडे राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. असल्या कलाकारांना व्हॅन नसते. त्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि सावली सरकेल तशी खुर्ची सरकवतात. एका मे महिन्यात मढच्या बंगल्यावर शूटिंग असताना रेवतीने त्यांना पदराने वारा घेताना पाहिलं. तिसरी खोली त्या वेळी रिकामी होती. "मावशी, आत या जरा," ती म्हणाली.

मग तो परिपाठच पडला. खोली रिकामी दिसली की रेवती खूण करायची आणि मावशी हातात चपला घेऊन आत यायच्या. गादीच्या अगदी कडेला बसायच्या, चादर चुरगळेल म्हणून. एसीखाली डोळे मिटून घ्यायच्या. पण बाहेर पायरी वाजली की लगेच डोळे उघडून, अर्धवट उठून विचारायच्या, "उठू काय गो?"

"बसा हो मावशी. कोणी येत नाहीये."

कधी खरंच कोणी यायचं. मग त्या चटकन चपला उचलून निघायच्या, येणाऱ्याकडे बघून ओशाळं हसायच्या. गणपतीच्या दिवसांत त्या झोपेत गेल्या. रेवतीला ते नंतर, मेकअपवाल्या माधुरीकडून कळलं. वाईट वाटलं, मग कामाच्या रगाड्यात विसरायला झालं.

संध्याकाळी तिने घरी नंदकिशोरला सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मरोळला येऊन एकटाच तिसऱ्या खोलीत बसला. रेवती बाहेर उभी होती. यज्ञेश शिडी घेऊन पायरीवर चढला आणि क्षणात नंदकिशोर बाहेर आला, चेहरा पांढराफटक.

"यज्ञेश, जुना एसी आहे की भंगारात घातलास?"

"आहे अजून. का?"

"तोच परत बसव."

"नंदू, वेडा झालास का?" रेवती म्हणाली.

"अगं, त्या घरघरीत निदान शब्द तरी कळत नव्हते! आता इतकं स्पष्ट... कोण बसणार आहे त्या खोलीत?"

रेवतीने ऐकलं नाही. चार दिवसांनी गोरेगावला शूटिंग लागलं आणि व्हायचं तेच झालं. तिसऱ्या खोलीत गार्गी नावाची नवी मुलगी होती. दुपारी ती बाहेर आली ती डोळे पुसतच.

"ताई, मी दुसरीकडे बसते. मला भीती नाही वाटत, पण ती बाई... मी पाय हलवला तरी विचारते. इतकी अजिजी करते हो. मलाच लाज वाटायला लागली तिथे बसायची."

संध्याकाळपर्यंत सगळ्या युनिटभर झालं. प्रॉडक्शन मॅनेजरने फोन करून नंदकिशोरला सुनावलं, गाडी बदला नाहीतर उद्यापासून येऊ नका. नंदकिशोरने फोन ठेवला आणि रेवतीला फोन करून म्हणाला, "वाट लागली आपली."

पॅकअप झालं तरी उजेड होता. सामान भरलं जात होतं, माणसं बसच्या बाजूने येत-जात होती. रेवती तिसऱ्या खोलीत जाऊन बसली. तिने सीतारामला एसी बंद करू दिला नाही. बाहेर कोणीतरी पत्र्याला हात लावला.

"उठू काय गो?"

"बसा मावशी," रेवती म्हणाली. "कोणी येत नाही."

गादीच्या कडेला चादरीवर एक लहानसा खळगा पडल्यासारखा तिला दिसला, किंवा भास झाला. मग बाहेरून कोणी धावत गेलं आणि पुन्हा तोच प्रश्न, तसाच घाईघाईचा. रेवतीने पुन्हा उत्तर दिलं. असं किती वेळ चाललं, तिलाच कळलं नाही. ती घामाघूम झाली होती, आणि घाम पुसताना तिच्या लक्षात आलं की तो नुसत्या भीतीचा नव्हता. ही खोली अजूनही पुरती गार पडत नव्हती. यज्ञेश म्हणाला होता तसा हवेचा दम इथे येईपर्यंत तुटत होता. मावशी ज्यासाठी यायच्या ते इथे धड मिळतच नव्हतं, आणि तेवढ्यासाठीही त्या परवानगी मागत होत्या. रोज, दर पावलाला. कितीही वेळा 'बसा' म्हटलं तरी खोली दुसऱ्याचीच राहणार होती.

घरी जाऊन ती नंदकिशोरला म्हणाली, "तिसरी खोली आपण भाड्याने द्यायची नाही. तिला वेगळा छोटा एसी बसवू."

"भुतासाठी एसी?"

"बाहेर खुर्च्यांवर भाजत बसतात ना, त्या बायकांसाठी. ज्यांना खोली नाही त्यांनी तिथे बसायचं. कोणी उठवायचं नाही."

"प्रॉडक्शनवाले हसतील तुला."

"हसू देत."

"अगं, पण ती... ती जाईल का त्याने?"

"मला नाही माहीत," रेवती म्हणाली. "जायलाच पाहिजे असं मी म्हणतेय कुठे?"

दोन दिवस नंदकिशोर धुसफुसत होता. तिसऱ्या दिवशी न सांगता त्यानेच यज्ञेशला फोन लावला. यज्ञेशने मागच्या टपाला चौकोनी भोक कापलं, आतून लोखंडी चौकट देऊन जागा बळकट केली, आणि सगळ्यात छोटा, हलका एसी वर बसवला. गादी काढून भिंतीला लागून एक लांब बाक ठोकला. अजिजीचा तो आवाज त्यानेही काम करताना ऐकला असावा, कारण दुपारचं जेवण तो बाहेर उन्हात बसून जेवला. पण काम नीट केलं, गळती कुठे ठेवली नाही.

गोरेगावचं काम हातचं गेलं. पुढचं मिळालं ते मुलुंडला, एका जुन्या बंगल्यात. पहिल्या दिवशी रेवतीने सीनमध्ये मागे उभ्या राहणाऱ्या बायकांना सांगितलं की आत बसा, खोली तुमचीच आहे. कोणी हललं नाही. असं कोणी बोलावत नसतं, त्यांना वाटलं काहीतरी घोटाळा आहे. शेवटी सुगंधा नावाची एक थोराड बाई उठली, सावंतवाडीकडची. तिच्या मागोमाग बाकीच्या, एकेक करून.

पायऱ्या वाजल्या आणि कोपऱ्यातून प्रश्न आला. दाराशी उभ्या रेवतीने तो ऐकला आणि तिला वाटलं, आता या किंचाळत बाहेर येणार.

सुगंधाने पिशवीतून संत्रं काढलं होतं. मान वर न करता, साल काढता काढता ती म्हणाली, "बस गो, खंय जातस उन्हात?" आणि बाजूला सरकून बसली.

त्यानंतर रेवतीला तो आवाज ऐकू आला नाही. कधी एसी लावून, पायरीवर मुद्दाम पाय आपटून ती कान देई, तर नुसती हवेची सळसळ. काही प्रॉडक्शनवाल्यांनी तिला बोलावणं सोडलं, काहींना उलट ती गाडीच हवी असायची, बायका दुपारी ताज्यातवान्या राहतात म्हणून.

एकदा भर दुपारी तिचं डोकं चढलं होतं. ती तिसऱ्या खोलीत शिरली. बाकावर बायका खेटून, अंग चोरून बसल्या होत्या, एकीची मांडी दुसरीवर. कोपऱ्यात मात्र एक माणूस सहज मावेल एवढी जागा मोकळी होती. रेवती तिकडे वळली. तिथल्या एका नव्या मुलीने, जिने रत्नप्रभामावशींना कधी पाहिलं नव्हतं, तिचा हात धरून मागे ओढलं.

"तिथे नको, ताई. इकडे या, आम्ही सरकतो."