गुरुवारचं डिक्टेशन

"पोरीला फोनवर तसलं काही बोलू देऊ नकोस गं," वरच्या मजल्यावरच्या सुनेत्राताई जिन्यात भाजीची पिशवी टेकवून म्हणाल्या होत्या. "हल्ली एक्स्चेंजमध्ये सगळं ऐकतात म्हणे."

"फ्रेंच आहे हो ताई, बॉम्ब नाही!" विनया हसली होती.

आज तिच्या बैठकीच्या खोलीत एक इन्स्पेक्टर बसला होता आणि त्याच्या मांडीवर रागिणीची वही होती.

नव्वद सालचं चंडीगढ, पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस. कर्फ्यू लागला की शाळा बंद, पण दहावीची परीक्षा थोडीच थांबणार? म्हणून रागिणीच्या शाळेतल्या फ्रेंचच्या ग्रेवाल मॅडम दर गुरुवारी पाचला फोन करून डिक्टेशन घालायच्या. रागिणी रिसीव्हर खांद्याशी दाबून लिहायची, विनया वही धरून बसायची. कळायचं काहीच नाही. पण मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देणारी आपली लेक त्या तिसऱ्याच भाषेत इतकं ठाम बोलते, हे बघताना चहा निवून जायचा.

"इसका मतलब?" इन्स्पेक्टरने एका ओळीवर बोट ठेवलं.

"गाड़ी छह बजे छूटेगी," रागिणी म्हणाली. "बैग भारी है। मेरा दोस्त स्टेशन पर मिलेगा।"

दारातल्या शिपायाने मान वर केली.

रागिणी मात्र आत जाऊन पुस्तक घेऊन आली. धडा सातवा, वर आगगाडीचं चित्र. "कोई भी पन्ना खोलिए, अंकल। मैं पढ़कर मतलब बताती हूँ।"

त्याने एक पान उघडलं. तिने न अडखळता वाचलं, अर्थ सांगितला. मग दुसरं. तिसऱ्या पानावर एक म्हातारी पाववाल्याशी भांडत होती, तिथे तो हसला आणि त्याने वही मिटली.

"शाबाश! इतना अच्छा कौन सिखाता है?"

विनयाला राहवलं नाही. "हमारी ग्रेवाल मॅडम! सेक्टर इक्कीस में रहती हैं।" तिने घराचा नंबरही सांगितला. "उनका बेटा पैरिस में है ना, किताबें वहीं से भेजता है।"

रागिणीने आईचा हात दाबला.

इन्स्पेक्टरने खिशातून डायरी काढली.

पुढच्या गुरुवारी पाच वाजून गेले, फोन आला नाही. विनयाने लावला, तर घंटा नुसती वाजत राहिली. कर्फ्यू उठल्यावर मायलेकी गेल्या. फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला, दार उघडलं नाही. शाळेत एवढंच कळलं की मॅडम सुट्टीवर आहेत.

मेमध्ये निकाल लागला. फ्रेंचमध्ये शंभरपैकी सत्त्याण्णव! विनयाने सबंध कॉलनीत पेढे वाटले. मॅडमसाठी एक पुडा बाजूला ठेवला, तो तसाच राहिला. जूनमध्ये नवऱ्याची पुण्याला बदली झाली. तिथून मार्कशीटची प्रत घालून पाठवलेलं पाकीट दोनदा परत आलं.

तेव्हा विनयाचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. चंडीगढला जाणं झालं तर सेक्टर एकवीसमध्ये जाऊन या. गल्लीच्या टोकाला हिरवं फाटक आहे, त्यावर जाईचा वेल. बेल वाजवा. कुणी आलंच, तर आधी मॅडम कशा आहेत ते विचारा.

सत्त्याण्णव मग सांगा.