उतरवा सरांचा सूर्योदय

मी फळा बोलतोय. आठवीच्या वर्गातला. आजवर गप उभा राहून सगळ्यांचं ऐकलं, आता माझं ऐका. गोड बोलता येत नाही मला. अंगावर नुसतं गोड गोड लिहून घेतलं, त्याचाच तर राग आहे.

सुतारानं मला रंधा मारून गुळगुळीत केलं, काळा रंग चढवला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बाबा, चार पोरं शहाणी कर." मी छाती फुगवून भिंतीवर चढलो. वाटलं, पोरं माझ्यापुढं बसून लिहायला शिकतील.

शिकतात कसली. निबंधाच्या तासाला जे सर यायचे, त्यांना एकच शब्द यायचा, "उतरवा." पोरांनी त्यांचं नावच उतरवा सर पाडलं. दरवर्षी तोच निबंध, 'मी पाहिलेला सूर्योदय'. माझ्या त्याच जागी, त्याच ओळी. तांबूस किरणं, तळ्यात कमळं आणि कमळांमधून मान उंच करून पोहणारा पांढराशुभ्र हंस. आसपास तळं नाही. हंस कुणाच्या बापानं पाहिलेला नाही. आणि सर? घंटा होऊन गेल्यावर शर्टाची बटणं लावत यायचे. उगवत्या सूर्याची आणि त्यांची गाठ कधी पडली असेल, देव जाणे. तरी पोरं उतरवायची. हंसाला मार्क होते ना.

एका साली मागच्या बाकावर वॉचमनची पोरगी आली. तिनं हंस उतरवला नाही. सरांनी पुढं बोलावलं. "फार शहाणी झालीस काय? लिही फळ्यावर तुझा सूर्योदय. बघू दे सगळ्यांना."

पोरीनं लिहिलं, 'सूर्य उगवला की बाबा कामावरून येतात. दारात बसून बूट काढतात. मी बूट आत ठेवते, ते गरम असतात. उजेड घरात येतो आणि बाबा तोंडावर पांघरूण घेतात.'

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर कुणीतरी लिहिलं. बाकी सगळी नुसती खरड.

सर हसले. "सूर्योदयात बूट? उद्या मोजे उगवतील." वर्ग खिदळला. "पूस ते. डस्टरनं नको, हातानं पूस."

तिनं हातानं पुसलं. तळवा गार पडला होता पोरीचा. त्यानंतर निबंधाच्या तासाला तिनं पेनाचं टोपण काढलंच नाही. सरांनी बजावलं, "हंस आला नाही तर नापास करीन."

तिथंच मी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचा नाही. पण भिंतीला ठोकलेला मी, करणार काय? दात-ओठ खायला दात नाहीत आणि ओठ नाहीत. दबा धरून राहिलो.

मग तपासणीच्या बाई आल्या. तेही वेळेआधीच. बाई व्हरांड्यात आणि माझ्यावर अख्खा हंस. सरांची पळापळ. डस्टर सापडेना, म्हणून त्यांनी बादलीतलं ओलं फडकं माझ्यावरून फिरवलं. ओला फळा कसा दिसतो ठाऊक आहे ना? काळा कुळकुळीत, एकदम सज्जन.

बाई म्हणाल्या, "मुलांनो, पाहिलेली एक सकाळ लिहा." सर मनातून खूश, हंस पोरांना पाठच होता. डोक्यावर पंखा फिरत होता.

पोरं लिहायला लागली आणि मी वाळायला लागलो.

वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून लिहिलेलं एका फडक्यानं जातंय होय? आधी किरणं वर आली. मग कमळं. मग हंसाची मान. सर माझ्याकडे पाठ करून सांगत होते, "आमची मुलं स्वतःच्या मनानं लिहितात."

बाईंनी एक वही वाचली. दुसरी वाचली. तिसरी मिटून माझ्याकडं बघितलं. "सर, तुमचा हंस फळ्यावरून उडून सगळ्यांच्या वहीत बसलाय की."

सर वळले. माझ्यावरच्या हंसापेक्षा पांढरे पडले.

बाई मागच्या बाकापाशी गेल्या. "तुझं पान कोरं का गं?"

"माझ्या सूर्योदयात बूट आहेत, बाई. ते चालत नाहीत."

बाईंनी तिच्या हातात खडू दिला. "जा, लिही. तुझे मार्क आज मी देणार. आणि सर, तुम्ही तिच्या जागेवर बसा. तुम्ही पाहिलेली सकाळ तुम्हीपण लिहा."

पोरीनं हंसाच्या मानेवरून बूट लिहिले. खडू मोडेस्तोवर दाबून. आणि सर त्या लहान बाकावर गुडघे दुमडून बसले. तास संपला तरी त्यांचं पान कोरं. कुणाचं उतरवणार?

आता वर्गात प्लॅस्टिकचा पांढरा फळा आलाय. मला पाण्याच्या नळामागं टेकवून ठेवलंय. शिकवणाऱ्यांनो, एकच सांगतो, पोराच्या हातून त्याची सकाळ पुसून घेऊ नका. मी काही विसरत नाही.

पोरं पाणी प्यायला आली की माझ्यावर शिंतोडे उडतात. मग मी वाळतो आणि बूट वर येतात. उतरवा सर हल्ली लांबच्या नळावर जातात. जाऊ देत. त्या नळाला पाणी कमी येतं, ऊन वाढलं की झक मारत इथंच येतील.

मी वाळत बसलोय.