वाटणीतली फटफटी

वकील दिनकररावांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांची दोन्ही पोरं एकमेकांशी बोलत नव्हती. सेलूतल्या लोकांना आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. थोरला किशनराव बापाच्या वकिलीत बसला होता, धाकटा बन्सीधर सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, हिसाब शिकवायचा. पंचांनी घर आणि मळा सरळ दोन ठिकाणी केला, पण बापाच्या फटफटीपाशी अडले. शेवटी फटफटी थोरल्याला दिली, आणि तिच्या डाव्या अंगाला जोडायची एकचाकी गाडी, जिला घरात सगळे पाळणा म्हणत, ती धाकट्याला.

भांडण वाटणीचं नव्हतंच. बाप गेला तेव्हा बन्सीधर परीक्षेच्या कामासाठी नांदेडला होता. तार हातात पडली तोवर सेलूत अग्नी देऊन झाला होता. तारघरात उशीर झाला, असं किशनराव सगळ्यांना सांगत राहिला. पण तार कधी दिली ती वेळ तारेवरच लिहिलेली असते, आणि बन्सीधरला आकडे वाचता येत होते.

अशात फटफटी क्लबाचं पत्र आलं. दरसाल थंडीत एका जुम्म्याला क्लबाचे लोक आपापल्या गाड्या घेऊन जमायचे, तंबू ठोकून राहायचे, शर्यती लावायचे. औंदा चुडाव्याजवळ नदीकाठच्या माळावर जमायचं ठरलं होतं. दिनकररावांची क्लबातली जागा त्यांच्या मुलाला द्यायची होती. पण त्यांची शर्यत जोडगाडीची होती, म्हणून दोघांनी पाळणा जोडूनच यावं, असं क्लबाचे सेक्रेटरी वजाहत अली यांनी लिहिलं होतं. दोघांनीही पत्र बाजूला टाकलं. मग आई कस्तुराबाई म्हणाली, जा. दोन वर्षांत तिनं पोरांना काही मागितलं नव्हतं.

आदल्या दिवशी, जुमेरातीला, दुपारी निघाले. बन्सीधर पाळण्यात तंबू मांडीवर घेऊन बसला. रस्ता कच्चा, बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या. किशनराव फटफटी बरोबर मधल्या सपाट पट्टीवरून हाणत होता आणि पाळण्याचं चाक चाकोरीत आदळत होतं. एकदा झालं असतं तर बन्सीधरनं चूक म्हटली असती. मानवत रोडपर्यंत त्याच्या कमरेचा काटा ढिला झाला, पण त्यानं ‘सावकाश’ म्हटलं नाही. म्हणणार नाही हे किशनरावाला माहीत होतं.

पेडगावला पाळण्याचा बोल्ट ढिला झाला. किशनरावानं फटफटी थांबवली, उतरून विहिरीवर गेला, पोटभर पाणी प्याला आणि लिंबाखाली पाठ टेकून बसला. पाना त्याच्या पिशवीत होता. बन्सीधरनं तो मागितला नाही. लोहाराच्या भट्टीवर जाऊन सांडशी आणली, हात सोलून घेत बोल्ट आवळला. लोहार, लिंबाजी त्याचं नाव, लांबून बघत होता. त्यानं विचारलं, ते मालक तुमचे कोण? बन्सीधर म्हणाला, “वळखीचे हायेत.”

माळावर बारा-तेरा तंबू पडले होते. जहागीरदारांची पोरं, एक डॉक्टर, रेल्वेतला एक साहेब, सगळ्यांच्या गाड्या धुऊनपुसून उभ्या. वजाहत अलींनी दोघा भावांना छातीशी धरलं. वकीलसाब गेले पण जोडी ठेवून गेले, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. दोघंही हसले. तेवढं हसणं दिवसभराच्या धक्क्यांहून जड गेलं. एकाच तंबूत दोघं एकमेकांकडे पाठी करून निजले.

सकाळी शर्यत लागली. माळावर एका टोकाला बाभळ होती. तिला डाव्या हाताला ठेवून वळसा घालून परत यायचं. डाव्या वळणावर पाळणा उचलला जातो. आत बसलेल्यानं सगळं अंग बाहेर टाकून त्याचं चाक भुईवर दाबून धरायचं असतं. बन्सीधर आठ वर्षांचा असल्यापासून बापानं त्याला हे शिकवलेलं. बाप वळणाआधी नुसता हुंकार द्यायचा आणि तो अंग झोकून द्यायचा.

किशनरावानं फटफटी सुसाट सोडली. बाभळ जवळ आली. त्यानं हुंकार दिला, अगदी बापासारखा. बन्सीधरला तो ऐकू आला. आणि तो जागचा हलला नाही.

फार काही ठरवलं होतं असं नाही. फक्त हात पाळण्याच्या कडेला घट्ट राहिले. चाक वर आलं, आभाळ तिरपं झालं, आणि जोडगाडी उजव्या अंगावर उलथली. बन्सीधर फेकला जाऊन गवतात पडला. किशनराव खाली सापडला. त्याचा उजवा हात कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता.

माणसं धावली. डॉक्टरनं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. वजाहत अली विचारत होते, झालं कसं? किशनरावानं बन्सीधरकडे बघितलं. मग म्हणाला, वाळूत चाक सरकलं. बाभळीजवळ वाळू नव्हती. वजाहत अलींना ते दिसत होतं, पण ते फटफटी सरळ करायला वळले. जागेचा विषय कुणी काढला नाही.

फटफटी क्लबाच्या ताब्यात देऊन दोघं चुडाव्याहून परभणीच्या गाडीत बसले. डब्यात आणखी कुणी नव्हतं. बन्सीधरनं सुरईतलं पाणी ओतून पुढं केलं. किशनरावानं डाव्या हातानं भांडं बाजूला सारलं.

“वाळू म्हणालो ते तुला वाचवायला न्हाई,” तो म्हणाला. दोन वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलंच. “तू मला पाडलास, असं लोकांनी म्हनू नये म्हनून.”

“मी अंग टाकलं न्हाई,” बन्सीधर म्हणाला.

“ठाव हाय.”

मिरखेल गेलं. किशनराव खिडकीकडं बघत बोलत राहिला. बाप शेवटी दोन दिवस नुसतं बन्सी, बन्सी करत होता. उशाला किशनराव बसलेला, पाणी तोच पाजायचा, कूस तोच बदलायचा. पण बापानं एकदाही त्याच्याकडं डोळे वळवले नाहीत.

“मंग मी म्हनलं, तुला बाप भेटूच द्यायचा न्हाई. तार खिशात होती माझ्या. आता फिटलं?”

बन्सीधरनं भांड्यातलं पाणी परत सुरईत ओतलं. बापानं आपलं नाव घेतलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते ऐकून छातीत काही हललं, आणि त्याच दमात भावाचा गळा धरावा असंही वाटलं.

“न्हाई,” तो म्हणाला. “तुझं हाड परत बसंल.”

परभणीला किशनराव हमालाच्या खांद्यावर हात टाकून उतरला आणि टांग्यात बसला. टांग्यात जागा होती. बस म्हणून त्यानं म्हटलं नाही. बन्सीधरला त्याच गाडीनं सेलूला जाता आलं असतं. तो उतरला आणि टांग्याच्या मागं धुळीतून दवाखान्यापर्यंत चालत गेला.

दवाखान्यात कंपाउंडरनं रजिस्टर उघडून विचारलं, मरीज के साथ कौन है? किशनराव भिंतीकडं बघत राहिला.

“मी हाय,” बन्सीधर म्हणाला. “बन्सीधर दिनकरराव. भाऊ.”

कंपाउंडर लिहायला लागला तसा किशनरावानं डावा हात उचलून त्याला थांबवलं.

“नाव लिवा त्याचं,” तो म्हणाला. “नातं लिवू नका.”

कंपाउंडरनं दोघांकडं पाहिलं, नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली. बन्सीधर व्हरांड्यातल्या बाकावर बसला. आत हाड बसवताना किशनराव एकदाच ओरडला. बन्सीधर उठला नाही, पण गेलाही नाही.