काळ्या गावातली पांढरी धुलाई

मस्कतहून जाताना सूर शहराच्या अलीकडे डोंगरात कोळशाची एक एवढीशी खाण होती आणि ती जे काळं करी ते पांढरं करायचं काम वसईच्या स्टॅन्ली तुस्कानोनं पत्करलं होतं. मस्कतच्या अझैबा भागातल्या हॉटेलात मॅनेजरची बोलणी खात अर्धं आयुष्य चादरी धुतल्यावर त्यानं इथे लाँड्री टाकली. परदेशी माणसाला परवाना मिळत नसल्यानं तो गावातल्या अर्बाबच्या, म्हणजे कागदोपत्री मालक सैफ बिन सुलेमानच्या नावावर होता, पण दुकान स्टॅन्लीचं होतं. डोक्यावर कोणी नाही, याच सुखात तो झोपे.

सगळं गाव खाणीवर जगत होतं. अर्बाबचे ट्रक कोळसा वाहत, पुतणे मजुरांना खोल्या भाड्यानं देत, न्हाव्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांची चूल तिच्यावर पेटे. आणि रोज संध्याकाळी हीच मंडळी कपड्यांवरची धूळ झटकत खाणीला यथेच्छ शिव्या घालत. शेवटी अर्बाबनं मस्कतला सरकारकडे तक्रार केली. खाण कोणालाच बंद करायची नव्हती. ट्रकांना ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी, तेही खाणीच्या कंपनीच्या खर्चानं, एवढंच हवं होतं.

मस्कतचे सरकारी साहेब पाहणीला येणार हे कळलं आणि गावाची धांदल उडाली. पाहुण्यासमोर मळक्या डिशडाशात उभं राहायचं म्हणजे नाकच कापलं की! आदल्या दिवशी झाडून सगळ्यांनी आपले ते पायघोळ झगे स्टॅन्लीकडे आणून टाकले. धूळ बघायला बोलावलेल्या माणसाला आपण धूळच दाखवणार नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. स्टॅन्लीच्या आलं. पण तो कशाला बोलतोय? धूळ थांबली तर धुणार काय? त्यानं जीव ओतून कपडे धुतले, नीळ दिली, कडक इस्त्री मारली.

साहेबांनी कहवा घेतला, खजूर खाल्ले, समोरच्या पांढऱ्याशुभ्र रांगेकडे पाहिलं आणि धूळ कुठे आहे ते विचारलं. सगळ्यांनी आपापल्या झग्यांकडे पाहिलं. मग साहेबांनीच तोडगा काढला. एका लाँड्रीनं एवढं भागत असेल, तर कंपनीनं खाणीवर मोठी मशीन बसवावी आणि गावाचे कपडे फुकट धुवावेत. कंपनी आनंदानं तयार झाली, कारण दुक्मच्या बंद पडलेल्या मजूर-कॅम्पातली मशीन तिच्याकडे पडूनच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काही सुचेना म्हणून स्टॅन्लीनंही वाजवल्या.

महिन्याभरात दुकानात माशी फिरकेनाशी झाली. एके दुपारी अर्बाब कंपनीत धुतलेला गठ्ठा घेऊन दारावरून चालला होता. गळ्याची पट्टी पिवळट, इस्त्री नावालाच. स्वतःचं दुकान बुडाल्याचा आला नव्हता एवढा संताप स्टॅन्लीला त्या पट्टीचा आला. त्यानं गठ्ठा काढून घेतला, सगळं पुन्हा धुतलं आणि अर्बाबच्या घरी नेऊन दिलं. पैसे मागायचं त्याला सुचलंच नाही.

अर्बाबनं डिशडाशा उजेडात धरून पाहिला.

"स्टॅन्ली, तुम्हारा काम एक नंबर. कंपनी को ऐसा नहीं आता."

"तो मेरे पास दो ना, अर्बाब."

"कैसे देगा? वो फुकट है."

अर्बाबला मनापासून वाईट वाटलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं स्टॅन्लीला कहवा ओतला आणि खाणीवरच्या लाँड्रीत इस्त्रीला माणूस हवाय, असं सांगितलं. स्टॅन्लीनं कप रिकामा केला आणि तिथला मॅनेजर कोण, ते विचारून घेतलं.