गंगाळाचे कान

जयवंता खाली बसली, दोन्ही तळवे तिनं गंगाळाच्या कानांवर ठेवले आणि मागेपुढे घासायला सुरुवात केली. पाणी हललं नाही. तिनं अजून जोर लावला. रुंद पितळी गंगाळाला दोन बाजूंना दोन उभे कान होते. तिच्याआधी भांडी धुणाऱ्या हिरालालनं ते घासले, तेव्हा गंगाळ भुंग्यासारखं घुमलं होतं आणि काठाला चार ठिकाणी पाणी थरथरून वर उडालं होतं. पोळ्या करणाऱ्या सरिताच्या हाताखाली उडालं नाही, पण थरथरलं तरी. जयवंताच्या हाताखाली मात्र ते निजल्यासारखं पडून राहिलं.

"पुरे," भाऊजी म्हणाले. "ऊठ आता."

ती उठली. भोजनालयाच्या मागच्या अंगणात उभे असलेले सगळे तिच्याकडे बघत होते. एक रीना तेवढी खाली बघत होती. पोत तिचीच हरवली होती.

जाम गावच्या चौकात वासुदेवरावांचं भोजनालय होतं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले तिथे थांबत, ते जयवंताच्या हातच्या आलूबोंड्यासाठी. अकरा वर्षं ती त्या कढईपाशी उभी होती. तीन दिवसांपूर्वी वासुदेवरावांची सून रीना हिची सोन्याची पोत घरातून दिसेनाशी झाली. घर भोजनालयाला लागूनच होतं आणि कामाच्या माणसांची तिथे ये-जा असे. वासुदेवरावांनी पोलिसांना कळवलं नाही. बहिणीच्या यजमानांना, प्रभाकररावांना बोलावलं. त्यांना सगळा गाव भाऊजी म्हणायचा. कुठल्याशा यात्रेतून त्यांनी हे गंगाळ आणलं होतं. ज्याचं मन साफ, त्याच्या हातानं पाणी नाचतं, असं ते सांगत. खोटं सांगत नव्हते, त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता.

वासुदेवरावांनी जयवंताला बाजूला घेतलं. पोत आणून दे, मी कुणाला सांगत नाही, असं म्हणाले. तिनं पोलिसांना बोलवा म्हटलं. ते म्हणाले, आता पोलीस कशाला, जे कळायचं ते कळलं. मग त्यांचा आवाज चढला. तुमच्या लोकांना घरात घेतलं हीच माझी चूक, एवढं ते बोलले आणि ते पार रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांपर्यंत ऐकू गेलं.

जयवंता घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराच्या ओट्यावर भांडी घासत होती. राखेनं घासलेली थाळी धुऊन तिनं ओल्या अंगठ्यानं चोळून पाहिली, तशी ती रोजच पाहायची. थाळी कुंईकुंई वाजली. मग तिनं तेलाची परळ, ती पसरट वाटी, न घासताच हातात घेतली. अंगठा नुसताच घसरला, आवाज नाही.

ती थांबली. पुन्हा थाळीवर अंगठा फिरवला, पुन्हा परळीवर. हिरालालचे हात दिवसभर साबणाच्या पाण्यात असतात. सरितानं कणकेचे हात धुऊनच गंगाळ धरलं होतं. आणि आपण? बोंड्यांचा घाणा अर्धा टाकून, तेलाचे हात नुसते पदराला पुसून बसलो होतो. तिनं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. मग चुलीतली राख घेतली आणि कोपरापर्यंत हात घासले. तीनदा.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळी ती भोजनालयात आली. भाऊजी अजून गेले नव्हते.

"मले पुन्हा बसवा," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, एकदाच बसायचं असतं. तिनं विचारलं, खरं काय एकदाच सांगते का गंगाळ? भाऊजींनी वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चार ट्रकवाले हातातले गिलास घेऊन मागे आले होते. गंगाळ भरलं गेलं.

जयवंतानं हात पाण्यात बुडवले आणि कान घासू लागली. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेते आहे, असं भाऊजींना वाटलं. आधी बारीक घूं आली, मग ती वाढत गेली, पायाखालची फरशी घुमल्यासारखी झाली. पाण्यावर रेघा उमटल्या, काठाशी बुडबुडे उठले, आणि एकाएकी चार बाजूंनी पाणी वीतभर उडालं. हिरालालच्या वेळी उडालं होतं त्याच्या दुप्पट. भाऊजींच्या धोतरावर शिंतोडे आले. त्यांनी हात जोडले.

वासुदेवरावांचा चेहरा मोकळा झाला. झालं गेलं विसर, कढई ठेव, असं ते म्हणाले. जयवंता उठली नाही.

"मी मनात काय म्हणून राह्यली होती, इचारा," ती म्हणाली.

भाऊजींनी जोडलेले हात खाली घेतले.

"पोत मीच घेतली, म्हणत होती. मीच घेतली, मीच घेतली. जितक्या खेपा म्हटलं, तितकं ते उडालं."

एका ट्रकवाल्याच्या तोंडून हसू फुटलं, ते त्यानं दाबलं. भाऊजी गंगाळाकडे बघत राहिले. त्यांच्याकडून बारीक आवाजात विचारलं गेलं, "मंग घेतली का तू?"

"ते गंगाळाले इचारा." ती वासुदेवरावांकडे वळली. "तुम्ही माह्याकडं पाहा. अकरा वर्षं पाह्यलं तुम्ही मले. मी घेतली का?"

वासुदेवरावांनी आधी गंगाळाकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. तिच्याकडे पाहायला त्यांना वेळ लागला.

"नाई," ते म्हणाले.

"काल मोठ्यानं बोलले होते."

"नाई घेतली," ते म्हणाले. या वेळी रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

रीना दारात उभी होती. ती पुढे आली, गंगाळ कलंडवून तिनं सगळं पाणी अंगणात ओतलं आणि पदरानं हात पुसले.

"मामाजी, मले तं कोणी बसवलंच नाई," ती सासऱ्यांना म्हणाली. "माह्या हातानंही नाचलं असतं."

"तुले कायले बसवतीन?"

"पोत माह्या आईची होती. मीच तिले वापस नेऊन देली. तुम्ही रागावसान म्हणून हरवली म्हटलं."  मग ती जयवंताकडे वळली.

जयवंता गंगाळापासून उठली. "काल बोलली असती तं," एवढंच म्हणाली. 

ती पुढच्या बाजूला गेली आणि रस्त्याकडे तोंड करून गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. तिथे ती कधी बसली नव्हती. नवा एक ट्रक येऊन थांबला आणि क्लीनरनं खालूनच दोन प्लेट आलूबोंडे सांगितले. कढई थंडगार होती. हिरालालनं तिच्याकडे पाहिलं, सरितानंही पाहिलं.

"हिरालाल, मले एक चाय देजो," जयवंता म्हणाली.

हिरालाल जागचा हलायच्या आत वासुदेवरावांनीच गिलास विसळला.